दिवाणखान्यात फवारणी करणाऱ्या फलटणकरांनो

हल्ली आपल्या गावात सत्कार झाला की शाल-श्रीफळाच्या जोडीला एक रोप हातात पडतं. पुष्पगुच्छ वाया जातो, रोप जगतं, असं निवेदक माईकवरून सांगतो आणि टाळ्या पडतात. पत्रकार म्हटल्यावर वर्षाला आठ-दहा रोपं घरी येतातच. जेड, स्नेक प्लांट, झीझी, मनी प्लांट आणि कमळासारखं दिसणारं ते इचेव्हेरिया. आमची बाल्कनी भरली. बायकोनं कौतुकानं रोज पाणी घातलं आणि मीही घातलं. दोन महिन्यांत जेडच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसायला लागलं. पानं चिकट झाली आणि खाली मुंग्यांची रांग लागली.

शेजारचे काका बघायला आले. "अहो पत्रकार, हा पिठ्या ढेकूण. डाळिंबावर येतो तोच. थांबा, औषध देतो." संध्याकाळी त्यांनी अर्धा लिटरची थंड पेयाची बाटली आणून दिली. दुकानातून सुटं आणलेलं, कसलंही लेबल नाही. "झाकणभर टाका पाण्यात आणि द्या उडवून."

मी दिलं उडवून. बंद बाल्कनीत, तोंडाला काही न बांधता, काच साफ करायच्या पंपानं. त्या रात्री आई पहाटेपर्यंत खोकत बसली. तिला दम्याचा त्रास आहे हे मला माहीत होतं. वीस वर्षं शेतीच्या बातम्या करतोय, फवारणीतून विषबाधेच्या बातम्या स्वतः लिहिल्यात, आणि घरात मीच असला गाढवपणा केला. सकाळी मुलगी ती बाटली हातात धरून उभी. "बाबा, हे सरबत कसलंय?" पाणी मिसळलेलं होतं, त्यामुळं रंग दुधासारखा पांढरा.

पुढचं सगळं त्या बाटलीमुळं लिहितोय. शिव्या द्यायच्या असतील तर आधी मला द्या.

माझा पहिला राग 'औषध' या शब्दावर आहे. आपल्याकडं विषाला औषध म्हणतात. औषध मारलं, औषध आणलं, आणि कुणी जीव दिला तरी 'औषध प्यायला' म्हणतात. डॉक्टर देतो तेही औषध आणि हेही औषध. डब्यावर त्रिकोण छापलेला असतो, तो वाचायची कुणी तसदी घेत नाही. लाल म्हणजे अत्यंत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत सौम्य. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. सीलबंद पॅकिंग आणि लेबल असल्याशिवाय हा माल विकता येत नाही. मग आपल्याकडं बाटलीत, पुडीत, 'थोडंसं द्या हो, कुंडीसाठी पाहिजे' म्हणून जे मिळतं ते काय आहे? दुकानदाराला विचारलं तर म्हणतो गिऱ्हाईक मागतं. गिऱ्हाईक उद्या काहीही मागेल.

लेबल नसल्याचा धोका नीट समजून घ्या. पोरानं घोट घेतला आणि तुम्ही धावत दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, काय प्यायलं? उपचार त्या उत्तरावर ठरतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर अॅट्रोपिन द्यावं लागतं, दुसऱ्या गटाचं असेल तर उपचार वेगळा. तुम्ही काय सांगणार? 'शेजारच्या काकांनी दिलेलं'?

काही जण म्हणतील, शेतकरी तर रोज मारतो, त्याला काही होत नाही. होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकड्यांनी दवाखान्यात गेले. तेही उघड्या रानात, जिथं वारा असतो. आपण बारा बाय दहाच्या खोलीत मारतो, वर पंखा लावतो. शिवाय द्राक्ष-डाळिंबवाल्या शेतकऱ्याला 'लेबल क्लेम' पाठ असतो. कुठलं रसायन कुठल्या पिकावर, किती मात्रेत, काढणीआधी किती दिवस बंद, हे त्याला माहीत असतं, कारण माल परत आला तर तो बुडतो. तुमच्या बाटलीवर 'स्नेक प्लांट, हॉल, टीव्हीशेजारी' असं कुठं लिहिलेलं असतं का? लोक ढेकणांसाठी वर्षानुवर्षं घरात मारत आले ते डायक्लोरव्हॉस सरकारनं २०२० च्या अखेरीस बंद केलं. आपल्या कपाटांत मागं जुना डबा अजून सापडेल. बघा शोधून.

यातली गंमत अशी की ही रोपं आपण हवा शुद्ध करायला घरात आणतो. प्रत्येक नर्सरीवाला 'नासानं सांगितलंय' म्हणतो. नासाचा तो अभ्यास १९८९ चा. बंद पेटीत रोप ठेवून केलेला प्रयोग होता तो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले. साध्या घरात खिडकी-दाराच्या फटींतून हवा जितकी बदलते, तेवढा परिणाम रोपांकडून पाहिजे असेल तर चौरस मीटरला किमान दहा आणि कमाल हजार रोपं ठेवावी लागतील, असा हिशोब निघाला. म्हणजे हॉलमध्ये माणसाला उभं राहायला जागा नाही. रोपं दिसायला छान असतात म्हणून ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण हवा शुद्ध करायला रोप आणायचं आणि त्यावरची कीड मारायला त्याच हवेत विष सोडायचं, याला काय म्हणावं?

आता कीड येते का, ते बघू. ती बऱ्याचदा रोपाबरोबरच येते. पॉलिहाऊसमध्ये हजारो रोपं खेटून वाढवलेली असतात, एकाची कीड दहांना. तिथून टेम्पोतून गावात, स्टेजवर, आणि तिथून थेट तुमच्या बाकीच्या झाडांच्या मांडीवर. नवीन रोप आलं की दोन-तीन आठवडे वेगळं ठेवावं, पानं उलटी करून बघावीत, कुंडीतून अलगद काढून मुळांना पांढरा कापूस दिसतो का पाहावं. जावई आला तरी आपण आधी हातपाय धुवायला पाणी देतो, रोपाला मात्र थेट माजघरात.

दुसरं कारण आपला पाण्याचा हात. ही मांसल पानाखोडाची झाडं दुष्काळी मुलखातली. पानात, खोडात पाणी साठवून महिनेच्या महिने काढतात. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. सज्जनगडाच्या कड्यावर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती आहे, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. बार्टल फ्रियरच्या नावावरून ते दिलं. हा फ्रियर पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याआधी साताऱ्यात रेसिडेंट होता. सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवरच ही सापडते, जगात दुसरीकडं नाही. पावसाळ्यात पानं फुटतात, तांबडी चांदणीसारखी फुलं येतात, उन्हाळ्यात पानं झडून नुसतं मांसल खोड उरतं. कातळाच्या फटीत, मूठभर मातीत. तिला कोण रोज पाणी घालतंय? (आणि हे वाचून कुणी पिशवी घेऊन गडावर जाऊ नका. कडा तिचं घर आहे, नर्सरी नाही.)

आपण काय करतो? शेतातली काळी माती कुंडीत भरतो. ऊस येतो म्हणून ती चांगली, असा आपला समज. काळी माती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते, आणि कुंडीत तिचा दगड होतो. त्यात रोज तांब्याभर पाणी, वर 'जोमानं वाढू दे' म्हणून चिमूटभर युरिया. मुळं कुजतात, नत्रानं पानं लुसलुशीत होतात, आणि रस शोषणाऱ्या किडीला तेच पाहिजे असतं. काळी माती एक भाग, बाकी दोन भाग मुरमाचा चाळ, जाड वाळू नाहीतर विटांचा चुरा. कुंडीला खाली भोक पाहिजे. माती आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. पावसाळ्यात तर पंधरा-पंधरा दिवस हात लावायचा नाही. मनी प्लांट, मॉन्स्टेरा ही पावसाळी जंगलातली, त्यांना थोडं जास्त लागतं, पण वरची इंचभर माती सुकू द्यायचीच. सतत ओल्या कोकोपीटमध्ये बारीक काळी चिलटं होतात, ती पाणी कमी केलं की आपोआप घटतात. उरलीसुरली शेतात लावतो त्या पिवळ्या चिकट सापळ्याच्या तुकड्यावर. उलट एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीवर जातो, हवा सुकते, तेव्हा पानामागं लाल कोळी जाळी करतो. त्याला विष कशाला? पान उलटं करून नळाखाली धुवा, चार-चार दिवसांनी.

आणि पिठ्या ढेकूण? माझं जेड वाचलं. कसं ते सांगतो. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणलं, कानातल्या कापसाच्या काडीवर घेऊन एकेका ढेकणाला टिपलं. (स्पिरिट पेट घेतं, देवघराच्या दिव्यापासून लांब.) कापसात अंडी असतात, ती पुढं फुटतात, म्हणून दर आठवड्याला, चार आठवडे. जास्त पसरलं असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. संध्याकाळी, ऊन गेल्यावर, आधी एका पानावर मारून बघायचं. इचेव्हेरियाच्या पानावर पांढरी भुकटी असते ती कीड नाही, झाडाचं कातडं आहे. तिथं तेल-साबण नको, काडीच बरी. मुंग्यांचा बंदोबस्त आधी. ढेकणाचा गोड चिकटा त्यांना पाहिजे असतो, म्हणून त्या ढेकणाला राखतात, मित्रकिडींना हाकलतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली की मुंगी चढत नाही. आजी तुपाचं भांडं असंच ठेवायची. इतकं करूनही रोप सुधारलं नाही तर पिशवीत बांधून टाकून द्या. साठ रुपयांचं रोप आहे ते.

'घरगुती उपायानं कीड जात नसते' म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पांढरी लोकर, काळी पडलेली पानं आणि बांधावर रडणारी माणसं, आपल्यातल्या अनेकांनी पाहिलंय. उंच उसात फवारणार कसं आणि किती? अखेर तो आवरला तो मुख्यतः मित्रकिडींनी. डिफाची अळी, मायक्रोमस. विद्यापीठांनी, कारखान्यांनी त्या वाढवल्या. लोकांनी अळी असलेली उसाची पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधली. पपईवरच्या पिठ्या ढेकणावर २०१० मध्ये पोर्टो रिकोहून एक इवलीशी परजीवी माशी आणली गेली, तिनंही तेच केलं. एकरावरच्या उसाला जे जमलं ते कुंडीतल्या वीतभर रोपाला जमणार नाही? निंबकर कृषी संशोधन संस्था ज्या गावात १९६८ पासून आहे, त्या गावानं तरी हे विचारू नये.

म्हणून थेट मागण्या. कृषी विभागानं कृषी सेवा केंद्रांतली सुटी विक्री तपासावी, आधी फोन न करता. नर्सरीवाल्यांनी रोपासोबत पाण्याची दोन वाक्यं लिहिलेली चिठ्ठी द्यावी. सत्कार करणाऱ्यांनी रोप द्यायचं असेल तर एकच द्यावं, बघून द्यावं. नाहीतर पुस्तक द्या. आणि नगरपरिषदेनं सांगावं की घरातल्या विषाच्या बाटल्या टाकायच्या कुठं. घंटागाडीवरच्या बाया हातानं कचरा वेगळा करतात, त्यांच्या हातात ही बाटली द्यायची का?

मी तीन ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी 'टाका कुठं तरी' म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी 'ओढ्याकडंला पुरा'. ओढा बाणगंगेला मिळतो. बाटली अजून गच्चीवर पत्र्याच्या पेटीत आहे. वर 'विष' असं लाल खडूनं लिहिलंय, कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडं आहे. आणखी कुठल्या ऑफिसात विचारायचं ते कुणाला ठाऊक असेल तर सांगा, सोमवारी तिकडं जातो.