शिष्यवृत्ती खेळाडूच्या सोबत चालावी

राळेगाव तालुक्यातील शेतमजुराच्या घरचे मूल शिकते ते समाजाच्या पैशावर. तो पैसा कोठून येतो आणि कोणासाठी खर्च होतो, याची विचारपूस करणे म्हणूनच आपले काम आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यातील एकच प्रश्न घेतो. सार्वजनिक विद्यापीठाने परराज्यातील खेळाडूला शिष्यवृत्ती द्यावी काय, आणि दिल्यास तिचा भार कोणी सोसावा?

विरोधकांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. क्रीडा शुल्क प्रत्येक विद्यार्थी भरतो. ज्याने मैदानावर कधी पाऊल टाकले नाही तोही भरतो. त्या पैशातून बाहेरचा धावपटू आणावा आणि गावच्या मुलीला साधे बूट मिळू नयेत, हा अन्याय आहे. अमेरिकेत राज्याच्या विद्यापीठांत बाहेरच्या विद्यार्थ्याचे शुल्क स्थानिकापेक्षा बरेच अधिक असते. त्यामुळे बाहेरच्या खेळाडूची पूर्ण शिष्यवृत्तीही तितकीच महाग पडते, आणि क्रीडाविभागाची मिळकत अपुरी पडली की अनेक ठिकाणी तूट विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरली जाते.

तरीही ‘बाहेरचा’ हा शब्द उच्चारताना आपण थबकले पाहिजे. बाबासाहेबांचा जन्म महूचा, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, शिक्षण मुंबईत. पण 1913 साली त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविणारी, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती बडोदा संस्थानाची होती. खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे. 1948 साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला, आणि कोल्हापूर तेव्हा वेगळे संस्थान होते. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. सीमेबाहेरचा म्हणून या दोघांना नाकारले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते?

आपल्याच अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात 1914 साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तेथे अनेक राज्यांतील मुले-मुली शारीरिक शिक्षणासाठी येत आली आहेत. त्यांच्या येण्याने वऱ्हाडच्या मुलांना तोलामोलाचे प्रतिस्पर्धी मिळाले. म्हणून आमचा आक्षेप बाहेरून येणाऱ्यावर नाही. विद्यापीठांतील सर्वोत्कृष्ट क्रीडा कामगिरीसाठी 1956-57 पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. असा करंडक जिंकण्यापुरता खेळाडू आणावा, स्पर्धा संपताच तो वर्गात बसतो की नाही याची चौकशीही करू नये, या वृत्तीवर आमचा आक्षेप आहे. तेथे शिष्यवृत्ती हे शिक्षणाचे साधन उरत नाही, ती मजुरी होते.

यावरची वाट आपल्या घरोघरी परिचित आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पाहा. विद्यार्थी दुसऱ्या राज्यात शिकत असला तरी ती त्याच्या मूळ राज्याकडूनच मिळते. जेथे तो शिकतो त्या राज्यावर तिचा भार पडत नाही. ‘खेलो इंडिया’ योजनेतही निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला 6 लाख 28 हजार रुपयांची तरतूद आहे, तीत दरमहा 10 हजार रुपये खेळाडूच्या हातखर्चाचे. अशी निवड मोजक्यांच्याच वाट्याला येते. उरलेल्या होतकरू खेळाडूंसाठी राज्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचाच नियम लावावा. महाराष्ट्राची मुलगी अमृतसरला शिकेल तर शिष्यवृत्ती महाराष्ट्राने द्यावी. मणिपूरचा मुलगा अमरावतीस येईल तर मणिपूरने. यजमान विद्यापीठाने मैदान, प्रशिक्षक आणि वसतिगृह द्यावे, आणि क्रीडा शुल्काचा जमाखर्च दरवर्षी सर्वांसमोर मांडावा. लहान व गरीब राज्यांना हा भार जड जाईल. तेथे केंद्राने हात द्यावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा 60 टक्के वाटा आज केंद्र उचलतेच.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपल्या शाळेतील मूल खेळाच्या जोरावर दूरच्या विद्यापीठात निवडले गेले, की अभिनंदनाचा फलक लावण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. शिष्यवृत्ती पदवी मिळेपर्यंत चालणार काय? गुडघा दुखावून खेळ सुटला तरी शिक्षण सुरू राहणार काय? सरावामुळे वर्ग बुडाले तर ते भरून देण्याची सोय आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर मुलाला निर्धास्तपणे पाठवा, मग ते विद्यापीठ कोणत्याही राज्यात असो. आणि परराज्यातील एखादे मूल आपल्या मैदानावर आले, तर त्याच्याही वतीने हेच तीन प्रश्न आपणच विचारा. त्याचे आईबाप येथून फार दूर असतील.