फेकून देण्याचे अर्थशास्त्र

घरातील विजेरीत, रेडिओत किंवा मुलांच्या खेळण्यात कोणते सेल घालावेत, हा प्रश्न पक्षाच्या साप्ताहिकाने चर्चेला घेण्याजोगा नाही, असे पुष्कळांना वाटेल. बाजारात एकदा वापरून टाकायचे सेल मिळतात, तसे पुन्हा पुन्हा भरता येणारेही मिळतात. ज्याला जे परवडेल ते त्याने घ्यावे, त्यात समाजाचा किंवा शासनाचा संबंध काय, असे विचारले जाते. ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड दिसतो. रेवदंड्यासारख्या गावाच्या जीवनाशी तो ताडून पाहिला, म्हणजे त्यातील पोकळपणा उघड होतो.

कुंडलिकेच्या मुखावरील या गावात माडा-पोफळीच्या वाड्या आहेत आणि मासेमारीवर जगणारी कोळी कुटुंबे आहेत. रात्री होडीवर, पहाटे बंदरावर आणि पावसाळ्यात वाडीच्या वाटेवर विजेरीवाचून चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, विजेचे खांब उन्मळून पडले आणि रायगडच्या किनाऱ्यावरील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ज्या प्रदेशावर असा प्रसंग येतो, तेथे सेल ही हौसेची वस्तू नसून मीठ-रॉकेलाच्या पंक्तीत बसणारी गरज असते.

आता हिशेब पाहावा. एखाद्या कुटुंबाला आठवड्याला दोन सेल लागतात असे धरले, तर वर्षाला १०४ सेल होतात. भरता येणाऱ्या सेलांची जोडी आणि चार्जर यांची किंमत साध्या ४० सेलांइतकी मानली, तरी ती २० आठवड्यांत वसूल होते. निकेल-मेटल हायड्राइड जातीचा चांगला सेल शेकडो वेळा भरता येतो. विजेचा खर्च तर नगण्यच. पेन्सिल सेलांची जोडी शंभर वेळा भरली आणि वाया जाणारी वीजही हिशेबात धरली, तरी सारा खर्च एका युनिटच्या आसपास जातो. मग गरीब माणूस हे सेल का घेत नाही? त्याला हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. दोन सेलांचे पैसे त्याच्या खिशात असतात, चाळीस सेलांचे एकरकमी पैसे नसतात, एवढेच त्याचे कारण आहे. ज्याच्यापाशी भांडवल आहे त्यालाच काटकसर परवडते. ज्याच्यापाशी नाही, तो प्रत्येक आठवड्याला थोडे थोडे जास्त मोजत राहतो. हे सावकारी व्याजच आहे. फरक इतकाच, की ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. अशा माणसाला ‘तुला निवडीचे स्वातंत्र्य आहे’ असे सांगणे ही त्याची थट्टा होय.

अर्थात टाकाऊ सेल सर्वस्वी त्याज्य आहेत, असेही कोणी म्हणू नये. भिंतीवरचे घड्याळ एका सेलावर महिनोन् महिने चालते. तेथे चार्जरचा खटाटोप व्यर्थ आहे. साधे भरता येणारे सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात. २००५ पासून बाजारात आलेल्या सुधारित जातीने हा दोष बराच कमी केला असला, तरी तो पुरता गेलेला नाही. उलट टाकाऊ लिथियम सेल दहा वर्षांहून अधिक काळ आपली शक्ती राखतो. म्हणून वादळाच्या दिवसांसाठी अशा सेलांची एक जोडी बाजूला ठेवणे शहाणपणाचेच आहे. मात्र हे सेल चार्जरमध्ये कधीही घालू नयेत, ते फुटून आग लागण्याचा धोका असतो. राखून ठेवायचे तेथे टाकाऊ, रोज खर्चायचे तेथे भरता येणारे, अशी ही सरळ विभागणी आहे. परंतु कारखानदाराचा नफा या विभागणीत नाही. ग्राहक पुन्हा पुन्हा दुकानात येण्यात तो आहे.

वापरलेल्या सेलाचे पुढे काय होते, हाही प्रश्न आहे. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कोणी खाडीत टाकत नाही, कारण तिच्यातील शिशाला भाव आहे आणि दुकानदार ती परत घेऊन नवीच्या किमतीत सूट देतो. लहान सेलाला भाव नाही, म्हणून तो उकिरड्यावर जातो. नफा कंपनीचा आणि कचरा गावाचा, अशी ही वाटणी आहे. ती किती टोकाला जाऊ शकते, हे या देशाने पाहिले आहे. घरोघरी एव्हरेडीचे सेल पोचविणाऱ्या युनियन कार्बाइडच्या भोपाळमधील कीटकनाशकांच्या कारखान्यात डिसेंबर १९८४ मध्ये वायुकांड घडले. तेथील साठलेला ३३७ टन विषारी कचरा हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडले, आणि तो खर्चही अखेर जनतेच्याच तिजोरीतून झाला.

कायदा नाही असे नाही. २००१ चे नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या नियमांनी लहान सेलही कक्षेत घेतले आणि ते गोळा करून त्यांवर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. पण सेल परत देण्याची सोय गावातल्या दुकानापर्यंत पोचल्याशिवाय ही जबाबदारी कागदावरच राहणार. २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्रगत बॅटरी-उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिचा रोख मोटारींच्या आणि वीज साठविण्याच्या मोठ्या बॅटऱ्यांवर आहे. कोळ्याच्या विजेरीतला सेल तिच्या हिशेबात नाही. युरोपीय संघाने मात्र २०२३ च्या कायद्यात सर्वसाधारण वापराचे टाकाऊ सेल हद्दपार करता येतील काय, याची तपासणी २०३० अखेर करण्याचे बंधन घालून घेतले आहे. तिकडे जो धोरणाचा विषय ठरतो, तो येथे ग्राहकाच्या मर्जीवर का सोडावा?

तेव्हा कार्यकर्त्यांनी लोकांना काटकसरीचा उपदेश करण्याचे सोडून काही ठोस मागण्या हाती घ्याव्यात. प्रत्येक सेलावर परत मिळणारी अनामत असावी, म्हणजे वापरलेला सेल आपोआप दुकानात परत येईल. मच्छीमार सहकारी संस्था आणि महिला बचत गट यांनी भरता येणारे सेल व चार्जर हप्त्याने द्यावेत आणि त्यासाठी बिनव्याजी रक्कम शासनाने पुरवावी. ग्रामपंचायतीत सौरऊर्जेवर चालणारे भरणकेंद्र असावे, म्हणजे वादळात खांब पडले तरी विजेऱ्या बंद पडणार नाहीत. आणि आत कायमची बॅटरी बसवून, ती संपताच सारी विजेरीच फेकायला लावणाऱ्या मालावर निर्बंध यावा.

यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. चाळीस सेलांचे भांडवल एकट्या कुटुंबाजवळ नसेल, पण ते गावाजवळ उभे राहू शकते. आणि ते उभे करणे हेच सहकाराचे प्रयोजन आहे. पुढचे वादळ याची वाट पाहत थांबणार नाही.