घर बदललं, कॉलेज का सुटावं?

जून आला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या ओळखीच्या घरांतून मला फोन येतात. बरेचसे प्रवेशाचे असतात. पण काही वेगळे असतात. कुर्ल्याचं भाड्याचं घर सोडून कुटुंब बदलापूरला आलेलं असतं, नाहीतर वडील नांदेडकडून अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला लागलेले असतात. मुलीचं एफवाय किंवा एसवाय झालेलं असतं आणि घरात ठरतं, "या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू."

मुलगा असेल तर तो जुन्याच कॉलेजला जातो, पहाटेची लोकल पकडून, लटकत का होईना. थांबायला सांगितलं जातं ते मुलीला. हे मी दुसऱ्यांना सुनवावं एवढा स्वच्छ नाही. माझ्या भाचीच्या वेळी हे वाक्य मीच बोललो होतो.

तेव्हा मला माहीत नव्हतं की कुर्ला आणि बदलापूर एकाच विद्यापीठात येतात. मुंबई विद्यापीठाची हद्द ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी ते सिंधुदुर्गपर्यंत आहे. कर्जतही त्यातच. बोरघाट चढून लोणावळ्याला गेलात की पुणे विद्यापीठ. म्हणजे कुर्ल्याच्या मुलीला उल्हासनगरच्या चांदीबाई किंवा तलरेजा कॉलेजात, बदलापूरच्या आदर्शमध्ये यायचं असेल तर विद्यापीठ बदलत नाही, फक्त कॉलेज बदलतं. जुन्या कॉलेजची एनओसी, ट्रान्सफर सर्टिफिकेट, आणि नव्या ठिकाणी जागा हवी. जुनं कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम वेगळा असू शकतो, तेवढं आधी विचारा.

नांदेडहून येणाऱ्यांचं काम जास्त आहे. मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, इथल्या विद्यापीठाची पात्रता लागते, आणि खरी मेख विषय जुळण्यात असते. म्हणून गुणपत्रिकांसोबत दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम छापून, कॉलेजचा शिक्का मारून आणा. गाव सोडल्यावर त्या शिक्क्यासाठी पुन्हा जायचं म्हणजे एक दिवसाचा पगार आणि तिकीट. केटी राहिली असेल तर लपवू नका, ती कागदावर दिसतेच.

यूजीसीने 2021 मध्ये आणलेल्या क्रेडिट बँकेत तुमची क्रेडिट सात वर्षांपर्यंत धरली जातात. शिकलेलं बुडत नाही, हे घरच्यांना सांगायला चांगलं आहे. पण खात्यात क्रेडिट आहेत म्हणून कुणी रिकामी जागा काढून देत नाही. जागा शोधायला पायपीट तुम्हालाच करावी लागेल, आणि ती प्रवेश सुरू असतानाच. मूळ गुणपत्रिका कॉलेजला अडकवून ठेवता येत नाही, हे यूजीसीने 2018 मध्येच सांगितलंय. खिडकीवर आवाज न चढवता हे सांगा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

काहीच जमलं नाही तर मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. त्यांना कमी समजू नका.

मोहल्ल्यातल्या तरुणांकडून माझी एक मागणी आहे. कुणाचं घर बदलतंय हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं, टेम्पो तुम्हीच ठरवून देता. त्याच दिवशी त्या घरातल्या मुलीला विचारा, कॉलेजचे कागद काढलेत का? अब्बा कामावर असतील तर तिच्या अम्मीला सोबत घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा.

भाचीला आम्ही पुढच्या वर्षीही नेलं नाही. तिची एसवायची गुणपत्रिका बहिणीच्या कपाटात आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत. परवा तिनेच फोन करून विचारलं, "मामू, ती अजून चालेल का?" या सोमवारी आम्ही दोघं चौकशीला जातोय.