नवे यंत्र आणि जुन्या तबकड्या

व्हिडिओ गेमचे नवे यंत्र जुन्या यंत्राचे खेळही चालवू लागले, की जुन्याचा खप बुडतो, असा एक समज आहे. वरवर पाहता तो तर्कशुद्ध वाटतो. सोनी कंपनीचा अनुभव मात्र निराळा आहे.

मार्च २००० मध्ये जपानात विक्रीस आलेले ‘प्लेस्टेशन २’ पहिल्या ‘प्लेस्टेशन’च्या तबकड्या चालवीत असे. तरीही त्याच वर्षी कंपनीने पहिल्या यंत्राची ‘पीएस वन’ ही आटोपशीर आवृत्ती काढली आणि तिचे सुमारे २ कोटी ८० लाख नग खपले. यंत्र व खेळ या अर्थशास्त्राच्या भाषेत पूरक वस्तू होत. बेताच्या प्राप्तीचा ग्राहक स्वस्त यंत्र घेतो. आज घेतलेले खेळ उद्याच्या यंत्रावरही चालतील, अशी शाश्वती असेल तर त्याचा हात अधिक मोकळा होतो.

आता दुसरी बाजू पाहू. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या ‘प्लेस्टेशन ३’मध्ये जुन्या तबकड्यांसाठी मागील यंत्राचे भागच बसविले होते. अमेरिकेत त्याची किंमत ५०० ते ६०० डॉलर होती. पुढच्याच वर्षी ३९९ डॉलरचा नमुना आला, तो ‘प्लेस्टेशन २’चे खेळ चालविण्याची सोय वगळून. इकडे ‘प्लेस्टेशन २’ २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरले. त्याच वर्षी हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ भारतात याच जुन्या यंत्रासाठी निघाला. या यंत्राची एकूण विक्री १५ कोटींच्या पुढे गेली.

एका कंपनीच्या अनुभवावरून नियम बांधणे धाडसाचे ठरेल. परंतु एवढे खरे, की सोय असतानाही जुने यंत्र खपले आणि ती काढल्यावरही खपले. खप मुख्यतः किमतीतील अंतरावर टिकला. मग सोयीने फरक पडला तो कोणाला? अर्थात ग्राहकाला. ती असते तेव्हा त्याच्या तबकड्यांचे मोल टिकते; ती गेली की त्याला दोन यंत्रे बाळगावी लागतात, किंवा साठवलेल्या खेळांवर पाणी सोडावे लागते. कंपनीच्या ताळेबंदात हा खर्च कोठेच दिसत नाही.

२०२० साली आलेले ‘प्लेस्टेशन ५’ मागील पिढीचे बहुतेक सर्व खेळ चालविते, हे स्वागतार्ह होय. तथापि मुलांच्या हट्टासाठी पगारातून पैसे बाजूला काढणाऱ्या पालकाने दुकानात केवळ यंत्राची किंमत विचारून थांबू नये. घरी कपाटात असलेल्या तबकड्यांचे उद्या काय होणार, हाही प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे.