धुरकट काचेसाठी चौकटीचा बळी नको

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात बहुधा हा प्रश्न पडतो. खिडकीच्या दुहेरी काचेवर दुधाळ थर दिसतो. तो आतून पुसून जात नाही आणि बाहेरून पुसूनही जात नाही, कारण ओल दोन काचांच्या मधल्या पोकळीत शिरलेली असते. मग विक्रेता घरी येतो, सगळ्या खोल्यांतून फिरून मापे घेतो आणि सांगतो की एक काच गेली म्हणजे बाकीच्याही जाणार; सगळ्या खिडक्या चौकटींसकट बदलून टाका. हजारो पौंडांचा आकडा पुढे येतो. थंडीची आणि गॅसच्या बिलाची धास्ती असतेच. माणूस सही करतो.

हा सल्ला बहुतेक घरांपुरता चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. दोष काचेच्या युनिटचा असेल तर युनिट बदलावे, बिजागरीचा असेल तर बिजागरी बदलावी. चौकट धडधाकट असताना ती उखडून फेकणे हे पैशाचे, मालाचे आणि कारागिरीचे नुकसान आहे.

संपूर्ण बदलाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो. ते तीन गोष्टी सांगतात. एक, धुके धरलेली काच एकेरी काचेइतकीच निकामी होते, घरातली ऊब सरळ बाहेर जाते. दोन, आजच्या खिडक्या जुन्यांपेक्षा किती तरी सरस आहेत, मग जुन्या चौकटीवर खर्च कशाला करायचा? तीन, दुरुस्ती टिकत नाही, आज एक काच बदलली तर उद्या दुसरी धुरकटते. या तिन्ही मुद्द्यांत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते पटकन पटतात. ते तपासायचे तर युनिटची रचना समजून घ्यावी लागते.

नेहमीच्या युनिटमध्ये चार-चार मिलिमीटर जाडीच्या दोन काचा असतात आणि मध्ये सोळा मिलिमीटरची पोकळी. पोकळीच्या कडेने स्पेसर नावाची पट्टी फिरवलेली असते. जुन्या युनिटांत ती बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि आतून पोकळ. तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात आणि आतल्या अंगाला बारीक छिद्रे असतात. कडेला दोन सील असतात. आतले ब्युटिलचे सील वाफ अडवते. बाहेरचे सील पॉलिसल्फाइड, पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनचे असते आणि काचा जखडून धरते. पोकळीत हवा किंवा आर्गॉन वायू असतो. उन्हात वायू प्रसरण पावतो, काचा किंचित फुगतात. रात्री तो आकसतो, काचा आत ओढल्या जातात. वर्षानुवर्षे ही ओढाताण चालते, सील थकते, वाफ आत झिरपते. दाणे ती टिपत राहतात. त्यांची क्षमता संपली की थंड काचेवर आतून दव धरते. म्हणजे धुके दिसते तेव्हा सील थकलेले असते आणि दाणे भरलेले असतात. चौकट, बिजागरी, कुलूप यांचा त्यात बिघाड झालेला नसतो. ट्यूब पंक्चर झाली म्हणून कोणी सायकल विकायला काढत नाही.

त्यातही काचेवरचे प्रत्येक धुके हा बिघाड नसतो. खोलीच्या बाजूने पाणी धरत असेल, तर ते घरातल्या बाष्पाचे आहे. कुकरच्या शिट्ट्या होत आहेत, कपडे रेडिएटरवर वाळत आहेत आणि खिडक्या कडेकोट बंद आहेत, अशा घरात नवी कोरी काचही घामेजते. त्यावर उपाय वायुवीजनाचा: स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावावा, खिडकीच्या वरच्या भागातली हवेची फट उघडी ठेवावी. पहाटे बाहेरच्या बाजूने दव धरत असेल, तर युनिट उत्तम काम करते आहे. निरभ्र रात्री बाहेरची काच आकाशाकडे उष्णता टाकून गार होते आणि घरातली ऊब तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हे दव धरते. दोन्ही बाजूंनी बोट फिरवूनही जे धुके जात नाही, तेवढेच सील गेल्याचे लक्षण. ही बोटाची चाचणी न करता जो बदल सुचवतो, त्याने निदानच केलेले नाही.

आता उष्णतेचा मुद्दा. काचेतून उष्णता किती जाते हे यू-व्हॅल्यूने मोजतात. आकडा जितका कमी तितके चांगले. एकेरी काचेचा आकडा सुमारे ५.७, हवा भरलेल्या जुन्या साध्या दुहेरी काचेचा सुमारे २.८, आणि उष्णता परतवणारा लो-ई लेप व आर्गॉन असलेल्या आजच्या युनिटचा सुमारे १.२. आत वीस अंश आणि बाहेर शून्य अंश तापमान असेल, तर एक चौरस मीटर काचेतून अनुक्रमे ११४, ५६ आणि २४ वॅट उष्णता जाते. जुने साधे युनिट धुरकटले तरी मधली पोकळी जागेवर असतेच. त्याचा आकडा ५६ च्या आसपास राहतो, ११४ वर जात नाही. आधुनिक युनिटमधला आर्गॉन सगळा निघून गेला आणि त्याच्या जागी हवा आली, तर २४ चे सुमारे २८ होतात. ओलीमुळे पुढे लेप खराब होऊ शकतो, म्हणून दुरुस्ती फार लांबवू नये हे खरे. पण धुरकट काच एकेरी काचेसारखी होते हे विधान खोटे आहे, आणि त्या भीतीवर सौदा करणे गैर आहे.

दुसरा मुद्दा नव्या खिडक्यांच्या सरसपणाचा. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून बदलून बसवलेल्या खिडकीसाठी १.४ किंवा ऊर्जा-श्रेणी ‘बी’ ही किमान अट आहे, आणि ती योग्यच आहे. पण खिडकीच्या क्षेत्रफळाचा मोठा भाग काचेचा असतो. २.८ च्या युनिटच्या जागी त्याच चौकटीत १.२ चे युनिट बसवले, तर बचतीचा मोठा वाटा तिथेच मिळतो. इथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. काही जुन्या चौकटींत चोवीस मिलिमीटर जाडीचे युनिट मावत नाही, अरुंद पोकळीचे घ्यावे लागते आणि फायदा कमी होतो. म्हणून आधी जाडी मोजावी आणि मगच निर्णय घ्यावा.

नवे युनिट बसवल्यावर ज्याचे पैसे घेतले तेच बसवले का, हे घरबसल्या पाहता येते. रात्री काचेसमोर मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा तिरका धरावा. दोन काचांचे चार पृष्ठभाग, म्हणून चार प्रतिबिंबे दिसतात. त्यातल्या एकाचा रंग इतरांहून वेगळा दिसला, तर लो-ई लेप आहे. चारही सारखीच असतील, तर बिलावर काहीही लिहिलेले असो, काच साधी आहे.

संपूर्ण बदलाला विरोध करतो म्हणून मी स्वस्त जुगाडाची बाजू घेणार नाही. धुरकट काचेला बारीक भोके पाडायची, आत द्रावण सोडून पोकळी सुकवायची आणि भोकांवर झडपा बसवायच्या, असाही एक धंदा चालतो. काच काही काळ स्वच्छ दिसते, हे खरे. पण आर्गॉन परत येत नाही, भरलेले दाणे तसेच राहतात आणि ओलीने काचेवर पडलेले पांढरे डागही बहुधा जात नाहीत. शिवाय दारांतल्या आणि जमिनीपासून आठशे मिलिमीटरच्या आत येणाऱ्या खिडक्यांत सुरक्षा काच लागते. ती टफन्ड असेल तर भोक पाडताक्षणी तिचा चुरा होतो. ज्या उपायात सील पुन्हा जुळत नाही, त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

मग खरी दुरुस्ती कशी असते? चांगला कारागीर आधी स्पेसर पट्टीवर नजर टाकतो. पुष्कळदा तिथे उत्पादकाचे नाव, तारीख आणि ईएन १२७९ हा मानक क्रमांक छापलेला असतो. बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची हमी देतात. तारीख त्या मुदतीतली असेल, तर काच फुकट बदलून मिळू शकते. मग तो पातळ पात्याने काच चौकटीत धरून ठेवणाऱ्या बीडिंगची लांब पट्टी मधोमध उचकटतो, उरलेल्या पट्ट्या काढतो आणि युनिट बाहेर घेतो. खरे कारण कित्येकदा तिथेच सापडते. चौकटीच्या तळाशी काळा गाळ साचलेला असतो, पाणी निघून जायची भोके बुजलेली असतात आणि युनिटची खालची कड महिनोन्महिने पाण्यात उभी असते. कधी युनिटखाली प्लास्टिकचे पॅकरच नसतात, काच थेट चौकटीवर टेकलेली असते. सील पाण्यात राहिले की लवकर सुटते. गाळ काढून, भोके मोकळी करून, पॅकर ठेवून नवे युनिट बसवले तर ते टिकते. नुसती काच बदलून गाळ तसाच ठेवला तर नवे युनिटही लवकर जाते. दुरुस्ती टिकत नाही या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर इथे आहे. कारण न शोधता केलेली दुरुस्ती टिकत नाही, आणि तशाच निष्काळजीपणे बसवलेली नवी खिडकीही टिकत नाही.

बाकीच्या तक्रारींचेही असेच. पल्ला लोंबून चौकटीला घासतो, तेव्हा काचेच्या कडेचे पॅकर बहुधा सरकलेले असतात. बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा आणि समोरचा वरचा कोपरा यांत पॅकर घट्ट बसवले, की काच पल्ल्याला तिरका आधार देते आणि पल्ला सरळ होतो. वारा शिरतो तो बहुधा आक्रसलेल्या रबरी पट्टीतून किंवा झिजलेल्या घर्षण-बिजागरीमुळे नीट न मिटणाऱ्या फटीतून. हँडल फिरते पण कुलूप लागत नाही, तेव्हा पल्ल्याच्या कडेतला गिअरबॉक्स तुटलेला असतो. हे सगळे भाग सुटे मिळतात आणि चौकटीला धक्का न लावता बदलता येतात.

संपूर्ण बदल योग्य ठरतो अशी उदाहरणेही आहेत. लाकडी चौकट आतून कुजली असेल, जुनी ॲल्युमिनियमची चौकट मध्ये उष्णतारोधक थर नसल्याने स्वतःच बर्फासारखी गार पडत असेल, यूपीव्हीसीचे कोपऱ्यांचे जोड फुटले असतील किंवा चौकट पिळवटली असेल, तर ती जरूर बदलावी. माझा आग्रह इतकाच, की हा निष्कर्ष तपासणीतून निघावा.

हा वाद आता मुंबई-पुण्यातही येणार आहे. हमरस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींत आवाज आणि ऊन अडवायला दुहेरी काचा बसत आहेत. तिथे गैरसमज थोडे वेगळे आहेत. पावसाळ्यात एसी लावलेल्या खोलीच्या काचेवर बाहेरून दव धरते, कारण काच गार आणि हवा दमट असते. तो युनिटचा बिघाड नव्हे. आवाज कमी झाला नाही म्हणून काच बदलायला निघालेल्यांनी आधी स्लायडिंग पल्ल्यांमधली फट तपासावी. जिथून हवा येते तिथून आवाजही येतो. सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच सुरात कंप पावतात आणि ट्रकची घरघर फारशी अडत नाही. वेगवेगळ्या जाडीच्या काचा, त्यांतली एक लॅमिनेटेड, अशी जोडी घ्यावी. आणि फॅब्रिकेटरशी व्यवहार करतानाच एक अट घालावी: बीडिंग खोलीच्या बाजूने असावे. चौदाव्या मजल्यावर बीडिंग बाहेरून असेल, तर एका युनिटसाठी झोपाळा सोडावा लागतो आणि साधी दुरुस्तीही आवाक्याबाहेर जाते.

काच वितळवणारी भट्टी पंधराशे अंशांच्या वर तापते आणि वर्षानुवर्षे रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. धडधाकट खिडकी फेकून बिलात वाचवलेल्या ऊर्जेची फुशारकी मारताना ती ऊर्जाही हिशेबात धरायला हवी. म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. ओल नेमकी कोणत्या बाजूला आहे? सील कशामुळे गेले? फक्त युनिट बदलायला किती खर्च येईल, ते वेगळे लिहून द्याल का? तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय सही करू नका. जो माणूस दुरुस्तीचा भाव सांगायला तयार नाही, त्याच्याकडून नवी खिडकी घेऊ नये, कारण उद्या तिचे सील गेले की तो पुन्हा हाच सल्ला देणार.