पोथी उघडते, मन उघडत नाही

वर्षानुवर्षे नेमाने ज्ञानेश्वरीची पारायणे केलेली वृद्ध माणसे कधी कधी हळू आवाजात एक गोष्ट सांगतात : ओठ ओव्या म्हणत असतात, पण आत काहीच हलत नाही. जोडीदार गेल्यावर, दीर्घ आजारपणात, तर कधी कोणतेही कारण नसताना ही कोरड येते. तिच्याहून अधिक छळते ती तिच्यामागून येणारी शंका, की आपली श्रद्धाच कच्ची होती काय? हे घरात बोलून दाखविणेही अवघड. कारण आजींची भक्ती सर्वांनी गृहीत धरलेली असते.

अशा वेळी ग्रंथांचाच आधार घ्यावयाचा, तर कोणत्या पानांकडे वळावे? माझे मत असे, की फलश्रुतीची आणि परमानंदाची पाने काही दिवस मिटून ठेवावीत. दुसऱ्याच्या तृप्तीचे वर्णन वाचून स्वतःचे रितेपणच अधिक बोचते. त्याऐवजी तक्रारीची पाने उघडावीत. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांची पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. हे त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आहे. त्यांच्या गाथेत विठ्ठलभेटीचा सोहळा आहे, तशीच भेट होत नाही म्हणून केलेली भांडणे, आळवणी आणि स्वतःविषयीचा वैतागही आहे. जनाबाईच्या नावावरील अभंगांत तर देवाला चक्क शिव्या आहेत. समर्थांच्या करुणाष्टकांचा स्वर अनुतापाचा आणि व्याकुळतेचा. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. गळून बसलेल्या माणसाच्या खिन्नतेलाही तेथे ‘योग’ म्हटले आहे. (बायबलातील १५० स्तोत्रांपैकी ८८ वे स्तोत्रही अंधारातच संपते, हे ख्रिस्ती वाचकांना ठाऊक असेल.) ही सारी पाने परंपरेने गाळली नाहीत, जपली. ज्या कोरडेपणाची आजींना लाज वाटते, तो त्यांच्याच पोथीत आधीपासून लिहिलेला आहे.

अध्याय पुरा करण्याचा हट्ट मात्र नसावा. एक अभंग पुरे. डोळे थकले असतील तर मोठ्या टायपातील प्रत घ्यावी, किंवा दुसऱ्याने वाचावे. स्मृतिभ्रंश झालेल्यांनाही लहानपणी चालीवर म्हटलेले पुष्कळदा आठवते. अर्थ निसटला तरी चाल ओठांवर येते आणि शेजारी बसलेल्यालाही साथ देता येते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ‘देवाचे नाव घ्या, बरे वाटेल’ हे वाक्य तूर्त टाळावे. ज्याला नाव घेऊनही बरे वाटत नाही, त्याला ते आरोपासारखे लागते. ‘अलीकडे वाचावेसे वाटत नाही का?’ एवढे विचारून गप्प बसावे. उत्तर यायला वेळ लागतो.

आणखी एक भेद ओळखणे फार आवश्यक आहे. केवळ पोथीतील गोडी गेली असेल आणि नातवंडांचे येणे, आवडीची भाजी, शेजारणीशी गप्पा यांत मन रमत असेल, तर धीर धरता येतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक गोष्टींतून मन उडाले असेल, झोप व भूक बिघडली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. थायरॉइडचे कार्य मंदावणे किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही असेच मरगळल्यासारखे होते, आणि साध्या रक्ततपासणीत ते कळते. जगणे नकोसे झाल्याचे बोल ऐकू आले, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषध घेणे म्हणजे देवावरचा विश्वास उडणे, अशी समजूत काही घरांत अजून आहे. ती मोडण्याचे काम घरच्या मुला-सुनांनीच करावे.

उपचार चालू असताना पोथी देव्हाऱ्यातून उचलून खाटेजवळच्या टेबलावर आणून ठेवावी. संध्याकाळी कोणी तरी पाच मिनिटे बसून त्यांना हवा तो अभंग वाचावा, आणि ‘आज नको’ म्हणाल्या तर खूण घालून ती तशीच राहू द्यावी.