खुनी सापडला, प्रश्न उरला

एप्रिल १९९० मध्ये अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ‘ट्विन पीक्स’ ही मालिका सुरू केली. लाकूडकटाईवर जगणाऱ्या एका कल्पित गावात लॉरा पामर या शाळकरी मुलीचे प्रेत सापडते. तिला कोणी मारले, या एका प्रश्नाने लाखो प्रेक्षक खिळून राहिले. ही ओढ क्षुद्र मानण्याचे कारण नाही. दिसते त्यामागे काही दडले आहे, हा संशय म्हणजेच विचाराचा आरंभ होय.

परंतु जाहिरातींवर चालणाऱ्या माध्यमाला प्रश्नाचे मोल प्रेक्षकसंख्येपुरतेच असते. उत्तर लांबत गेले, प्रेक्षक चिडले आणि कंपनीने उत्तराचा आग्रह धरला. मालिकेचे एक जनक डेव्हिड लिंच यांना रहस्य उलगडावयाचे नव्हते. तरी नोव्हेंबर १९९० मध्ये खुनी उघड झाला : मुलीचा बापच! त्यानंतर प्रेक्षक पांगले. १९९१ मध्ये मालिका बंद पडली.

आठवडेच्या आठवडे ताटकळत ठेवल्याबद्दलचा प्रेक्षकांचा राग समजण्याजोगा आहे. पण घरात वर्षानुवर्षे चाललेला अत्याचार गावाला का दिसला नाही, हा प्रश्न कोणी लावून धरला? मालिकेनेही बापाच्या अंगात दुष्ट शक्तीचा संचार दाखवून त्याची जबाबदारी धूसर केली.

चौकशी समितीने एखादे नाव जाहीर केले की आपणही असेच समाधान मानतो. गुन्हेगाराचे नाव कळलेच पाहिजे. परंतु नावापाशी थांबणारे कुतूहल प्रस्थापितांना सोयीचे असते. कार्यकर्त्याचे काम तेथून पुढे सुरू होते.